विश्लेषण : राजा म्हणून मोठे, पण वडील म्हणून कसे होते राजर्षी शाहू?

आरक्षणाचा आदेश, वसतिगृहे, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, राधानगरी धरण... राजर्षी शाहू महाराजांची ओळख अशीच करून दिली जाते. त्यांच्या घरातल्या आयुष्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. एक मुलगी संसार मोडून माहेरी आली, एक मुलगा ऐन तारुण्यात गेला आणि कोवळ्या वयात विधवा झालेली सून पदरात राहिली. प्रजेला जे सांगितले ते घरात करून दाखवण्याची वेळ आली, तेव्हा महाराज कसे वागले?

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंतराव तीन वर्षांचे होण्याआधीच आई गेली. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. पुढे दोनच वर्षांत जन्मदात्या वडिलांचाही मृत्यू झाला. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला.

मुलांसाठी त्यांनी काय केले?

थोरली कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब. राजाराम आणि शिवाजी हे दोन मुलगे. दुसरी मुलगी आऊबाई लहानपणीच गेली. राजवाड्याच्या लाडाकोडात मुलगे बिघडू नयेत, याकडे महाराजांचे लक्ष होते. १९१२ मध्ये दोघांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. राजाराम महाराजांनी पुढे अलाहाबादला शेतीचे शिक्षण घेतले. ज्या राज्याची प्रजा शेतकरी, त्याच्या वारसाला शेती कळली पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब.

मुलीवरची माया तर नकाशावरच उमटली आहे. भोगावती नदीवरील धरणाजवळ वसवलेल्या गावाला महाराजांनी लेकीचे नाव दिले. तेच आजचे राधानगरी. तिथल्या जलाशयाला पत्नीचे, म्हणजे महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे.

आक्कासाहेबांचा विवाह १९०८ मध्ये देवास थोरली पाती संस्थानचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. त्यांना मुलगाही झाला, पण संसार टिकला नाही. आक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या. त्या काळात नवऱ्याचे घर सोडून आलेल्या मुलीची समजूत काढून तिला परत धाडणे, हीच सर्वसामान्य रीत होती. राजघराण्यात तर प्रतिष्ठेचा प्रश्न आणखी मोठा. आक्कासाहेबांसाठी माहेरचे दार मात्र उघडे राहिले.

१२ जून १९१८ : घरावरचा सर्वात मोठा आघात

धाकटे पुत्र शिवाजी यांचे १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत अपघाती निधन झाले. पाठलाग करताना ते घोड्यावरून पडले. वय अवघे १९ वर्षे. वर्षभरापूर्वीच सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमती यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९०६ मध्ये जन्मलेल्या इंदुमती तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या.

लग्नाच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या, हेही लक्षात घ्यायला हवे. बालविवाहाची प्रथा या सुधारक राजाच्या घरातही चालू होती. काळाची ती मर्यादा महाराजांनाही ओलांडता आली नाही.

सुनेसाठी रूढी कशी मोडली?

राजघराण्यातील बालविधवेचे पुढचे आयुष्य ठरलेले असे. वाड्यातली एक खोली, पडदा, व्रतवैकल्ये आणि उरलेली पन्नास-साठ वर्षे. महाराजांनी ते नाकारले आणि सुनेला शिकवायचे ठरवले. नातेवाइकांचा विरोध होता. तरी शहराबाहेर सोनतळी येथे त्यांच्या राहण्याची आणि अभ्यासाची सोय झाली. शिक्षक नेमले गेले. एकटेपणा वाटू नये म्हणून बरोबरीला शिकणाऱ्या मुलीही ठेवल्या. सुनेने डॉक्टर व्हावे, असा महाराजांचा विचार होता.

ज्याचा मुलगा गेला आहे, त्या बापाने सुनेला अपशकुनी न मानता मुलीसारखे वाढवणे, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या. डॉक्टर मात्र होऊ शकल्या नाहीत. पुढच्या आयुष्यात त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचे काम केले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

कायदे आणि घर यांचा मेळ बसला का?

बऱ्याच अंशी, पण पूर्णपणे नाही. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश १९१७ चा. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड होता. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाह आणि स्त्रियांचा छळ या विषयांवर कायदे झाले.

आंतरजातीय विवाहाची सुरुवात त्यांनी नात्यातूनच केली. कागलच्या घाटगे घराण्यातील मुलीचा विवाह इंदूरच्या होळकर घराण्यात करण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. मराठा आणि धनगर घराण्यांतील हा विवाह त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये झाला. विधवा पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाच्या घरात सुनेचा पुनर्विवाह मात्र झाला नाही. तिला शिक्षण मिळाले, दुसरा संसार मिळाला नाही.

देवाधर्मावर विश्वास होता का?

होता. त्यांचा झगडा देवाशी नव्हता, मधल्या मक्तेदारीशी होता. १८९९ मध्ये पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे लक्षात आले. छत्रपतींच्या घराण्यालाही शूद्र ठरवले जात होते. वेदोक्त विधी करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांची वतने १९०२ मध्ये जप्त झाली. त्याच वर्षी २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा आदेश निघाला.

घराण्याचा मान राखला गेला, एवढ्यावर ते थांबले असते तर हा प्रश्न खासगीच राहिला असता. सत्यशोधक समाजाला त्यांनी पाठबळ दिले, आर्य समाजाला कोल्हापुरात आणले. १९२० मध्ये मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक शाळा काढली आणि क्षात्रजगद्‌गुरूंचे पीठ उभे केले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

मागे काय उरले?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय ४८ सुद्धा पूर्ण नव्हते. पुत्र राजाराम महाराजांनी १९४० पर्यंत राज्य केले. त्यांना मुलगा नव्हता. अखेर १९४७ मध्ये आक्कासाहेबांचे पुत्र दत्तक आले आणि शहाजी छत्रपती म्हणून गादीवर बसले. संसार मोडून माहेरी आलेल्या लेकीचा मुलगा असा आजोबांच्या गादीचा वारस झाला.

गेलेल्या मुलाचे नावही कोल्हापुरात आहे. १९२० मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या वसतिगृहाला प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. आपल्या मुलाच्या नावाने दुसऱ्यांची मुले शिकत राहिली. राधानगरीतून सुटलेले पाणी आजही भोगावतीच्या काठची शेती भिजवत पंचगंगेला मिळते.