डायोनिसियस एक्झिगस
'इ. स.' या संक्षेपामागील कालगणनेचा जनक डायोनिसियस एक्झिगस हा सिथियातून रोमला आलेला व्युत्पन्न मठवासी होय. इ. स. ५२५ मध्ये त्याने ईस्टरच्या दिनांकांची कोष्टके रचली. पूर्वीच्या कोष्टकांत डायोक्लेशियनचा शक असे; परंतु ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या सम्राटाची स्मृती जपणे त्याला रुचेना. म्हणून त्याने ख्रिस्तावतारापासून वर्षे मोजली. त्यातूनच 'प्रभूच्या वर्षी' या अर्थाच्या 'ॲनो डॉमिनी'चा 'ए. डी.' हा संक्षेप आला. सुमारे ५४४ मध्ये तो निवर्तला. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या बीडच्या इतिहासग्रंथाने ही गणना पश्चिम युरोपात रुजविली. मराठीने मात्र 'इसवी' आणि 'सन' हे शब्द अरबी-फार्सी परंपरेतून घेतले. कालगणनेस नाव देणे म्हणजे कोणाचे स्मरण राखावयाचे हे ठरविणे, हे डायोनिसियसने ओळखले होते. 'सामान्य युग' ही आजची संज्ञा त्याच निवडीचा पुनर्विचार होय.