आघारकर : मरुवनस्पतींपासून तप्त विहिरींपर्यंत

गोव्याच्या सीमेपलीकडील मालवणात १८ नोव्हेंबर १८८४ रोजी जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ख्यातकीर्त झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना सह्याद्रीत भ्रमंती करून त्यांनी गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधला. तोवर या वंशाचे वास्तव्य केवळ आफ्रिकेत असल्याचा समज होता.

पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या घोष अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली व अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांच्यावर स्थानबद्धता ओढवली. तरीही १९१९ साली त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारताच्या रुक्ष भूमीत तग धरणाऱ्या वनस्पतींचा प्रसार, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

१९४६ मध्ये, इतरांनी विश्रांती घ्यावी अशा वयात, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली. २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

प्रतिकूलतेत जीव कसा टिकतो, हा प्रश्न तेथे आजही अभ्यासला जातो. बडोद्यानजीक बाजव्याशेजारच्या कोयली कारखान्यात जे खनिज तेल शुद्ध होते, तशा तेलाचा मोठा भाग विहिरींच्या खडकांतच अडकून राहतो. ९१ ते ९६ अंश तापमानाच्या विहिरींतून तो सूक्ष्मजीवांकरवी सोडविण्याची पद्धत संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

एवढ्या उष्णतेत साधारण पेशीचे आवरण विस्कटून जाते, कारण ते मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते. थंडीत खोबरेल गोठते, शेंगतेल मात्र पातळ राहते. खोबरेलातील मेदशृंखला सरळ असल्याने एकमेकींना घट्ट बिलगतात. उष्णताप्रेमी जिवाणू आपल्या आवरणात अशाच घट्ट बसणाऱ्या शृंखलांचे प्रमाण वाढवितात. आर्किया या आदिम गटातील कित्येक जीवांत तर दोन्ही थरांतील शृंखला आरपार सांधलेल्या असतात आणि त्यांचे ईथर बंध सहजी तुटत नाहीत.

आघारकरांनी हे संशोधन पाहिले नाही. मात्र, उपयोग ठाऊक नसतानाही निसर्गाला प्रश्न विचारता येतील, अशी वास्तू त्यांनी मराठी मुलखात उभी केली. त्यांचे खरे स्मारक तेच होय.