पाठीवर ओझे नसलेला वाटसरू

एकट्याच्या प्रवासाला किती सामान पुरते आणि अनेकांच्या प्रवासाला केवढा निवारा लागतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संत गाडगेबाबांच्या चरित्रात सापडतात. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडिलांच्या अकाली निधनानंतर ते अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि एक गाडगे, एवढाच संसार. तेच जेवणाचे पात्र, तेच पाण्याचे भांडे, उन्हात तेच डोक्यावर. निजायला झाडाखालची भुई पुरे.

परंतु इतरांनी उघड्यावर निजावे, हे त्यांना मान्य नव्हते. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांची निवाऱ्यावाचून परवड होई. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंची, तर मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या आप्तांची सोय झाली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीकाठी त्यांची प्राणज्योत मालवली. हजारोंना छप्पर देणाऱ्या या वाटसरूने स्वतःसाठी झोपडीही बांधली नव्हती.