बेलिफाचा मुलगा वकील झाला, पण यशवंतराव चव्हाणांनी वकिली लगेच का सोडली?

बारावी झाली किंवा बीए झालं की घरात एक प्रश्न हमखास निघतो. लॉ करून पुढे काय? कोर्टात जम बसायला वर्षं जातात, तोपर्यंत खायचं काय? हाच प्रश्न ८५ वर्षांपूर्वी कराडच्या एका घरातही होता.

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, गाव देवराष्ट्रे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ, म्हणजे समन्स पोहोचवणारे, जप्तीला जाणारे. प्लेगच्या साथीत ते गेले, तेव्हा यशवंतराव लहान होते. आई विठाबाई आणि थोरल्या भावांनी घर ओढलं.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते चळवळीत पडले. १९३२ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले, १९३४ मध्ये मॅट्रिक झाले. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन १९३८ मध्ये बीए. त्यानंतर पुण्याचं लॉ कॉलेज आणि १९४१ मध्ये एलएलबी.

बेलिफाचा मुलगा आता वकील म्हणून कराडमध्ये उभा राहिला. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. घराला वाटलं, आता दिवस पालटले.

पण दोनच महिन्यांत 'चले जाव' सुरू झालं. वकिली बाजूला ठेवून यशवंतराव भूमिगत झाले. पोलीस घरापर्यंत आले, वेणूताईंना अटक झाली. त्या आजारी पडल्या म्हणून भेटायला गेले आणि १९४३ मध्ये फलटणला स्वतः पकडले गेले.

मग डिग्री वाया गेली का?

१९४६ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच काळात १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कायदाही त्याच वर्षीचा. कोर्टात फार काळ न दिसलेला हा वकील कायदे करण्याच्या जागी पोहोचला. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फी सवलतही त्यांच्याच सरकारने दिली. पैशाअभावी शिक्षण कसं अडतं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. पुढे संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळून २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले.

आज त्यांच्या वाटेने जायचं तर? बीएनंतर लॉ हा त्यांचा मार्ग अजून खुला आहे, तो ३ वर्षांचा कोर्स. बारावीनंतर थेट ५ वर्षांचा. दोन्हींसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगवेगळी परीक्षा असते. ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट. ती इंग्रजीत असते आणि चुकलं की पाव गुण जातो.

साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत एन. एस. सोटी. म्हणजे कायदा शिकायला घर सोडून पुण्यालाच जायला हवं असं नाही. यशवंतराव मात्र पुण्याला गेले होते.