संत एडिथ स्टाईन : बाई म्हणून अडवलेली, बाईविषयी बोललेली



विवाहपूर्व शिबिरात यंदा एका तरुणीने आम्हांला चांगलेच अडचणीत टाकले. ती नोकरी करते, होणाऱ्या नवऱ्यापेक्षा दोन पैसे जास्तच मिळवते. तिचे म्हणणे असे, की आज बँकेत, इस्पितळात, विमानात बाई आणि पुरुष एकच काम करतात. मग पतीचे कर्तव्य वेगळे आणि पत्नीचे वेगळे, असे चर्चने अजून का शिकवावे? मार्गदर्शनाला आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी इफिसकरांस पत्राचा आधार देऊन तिला गप्प बसवले. आम्हीही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहाची वेळ करून घेतली. रात्री मात्र चैन पडेना.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जर्मन विचारवंत एडमंड हुसर्ल यांच्यावर आमचे पुष्कळ तास खर्ची पडले होते. त्यांच्या एका सहायिकेचे नाव तेव्हा ओझरतेच कानावर आले. त्या मुलीच्या प्रश्नाने त्या सहायिकेची आठवण झाली, कारण हा प्रश्न तिने आधी अंगावर सोसला आणि मग त्यावर विचार केला. तिचे नाव एडिथ स्टाईन.

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाउ येथे एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. त्या दिवशी यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा मोठा सण होता, आणि एवढ्यावरून आईला हे शेंडेफळ अधिक लाडके वाटे. अकरा मुलांपैकी सात जगली. एडिथ दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा लाकडाचा व्यापार करणारे वडील कामानिमित्त बाहेर गेले असता उन्हाचा तडाखा बसून वारले. धंदा कर्जात होता. आई ऑगस्टाबाईंनी तो विकला नाही. त्या स्वतः वखारीत उभ्या राहिल्या, लाकडाची पारख शिकल्या, कर्ज फेडले आणि सातही मुले वाढवली. पहाटे डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ऑगस्टाबाई वेगळ्या सांगायला नकोत. बाईला व्यवहार जमत नाही हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलेच नसेल.

एडिथ अतिशय हुशार. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने जाणूनबुजून प्रार्थना करणे सोडून दिले. प्रशियात मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९०८ साली. एडिथने १९११ साली नाव घातले. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या संघटनेचीही ती सभासद झाली. १९१३ मध्ये ग्योटिंगन येथे हुसर्ल यांच्या वर्गात जाऊन बसली. पहिले महायुद्ध पेटल्यावर, आईचा विरोध असताना, १९१५ साली रेडक्रॉसच्या इस्पितळात साथीच्या रोगांनी आजारी पडलेल्या सैनिकांची तिने शुश्रूषा केली. मग परत येऊन प्रबंध पुरा केला, आणि १९१६ साली फ्रायबुर्ग येथे सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता समानुभूती. दुसऱ्याचे दुःख माझे नसते, ते मी भोगत नाही. तरीही ते मला कळते. हे कळणे म्हणजे नेमके काय, याचा तिने शोध घेतला. इस्पितळातल्या त्या महिन्यांनंतर हा तिच्यासाठी केवळ कागदावरचा विषय राहिला नसावा, असे आम्हांला वाटते.

त्यानंतर डॉ. स्टाईन हुसर्ल यांच्या सहायिका झाल्या. गुरुजी लघुलिपीत पानेच्या पाने लिहीत. ती वाचायची, लावायची, त्यातून ग्रंथ उभा करायचा हे काम यांचे. केलेले काम पुन्हा तपासून पाहण्याची सवड मात्र गुरुजींना होत नसे. १९१८ साली त्यांनी ती जागा सोडली. आता त्यांना स्वतः विद्यापीठात शिकवायचे होते. त्यासाठी जर्मनीत आणखी एक प्रबंध सादर करावा लागे. १९१९ साली ग्योटिंगनने तो विचारात घेण्याचेच नाकारले, कारण उमेदवार बाई होती. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात गणितज्ञ एमी नोएथर यांना अपवाद म्हणून ही मान्यता मिळाली होती, आणि तीही हिल्बर्टसारख्या दिग्गजांनी वर्षानुवर्षे खटपट केल्यावर. हुसर्ल यांनी एडिथ यांची शिफारस केली खरी, पण अशी, की अध्यापनाची वाट स्त्रियांना कधी खुली झालीच, तर पहिले नाव हिचे. ती वाट आत्ता खुली करावी असा आग्रह त्यात नव्हता. थोर माणसांचेही पाऊल कधी कधी उंबऱ्याशी अडते.

एडिथ रडत बसल्या नाहीत. त्यांनी थेट प्रशियाच्या शिक्षण खात्याकडे तक्रार केली. १९२० च्या फेब्रुवारीत खात्याने कळवले, की स्त्री असणे ही या पात्रतेच्या आड येणारी गोष्ट नाही. नियम बदलला. पुढे अनेक स्त्रियांना त्याचा लाभ झाला. एडिथ यांना मात्र एकाही विद्यापीठाने जागा दिली नाही.

याच वर्षांत त्यांच्या मनात दुसरे काही घडत होते. त्यांचे तरुण शिक्षक आडोल्फ राइनाख १९१७ साली रणांगणावर पडले. त्यांच्या पत्नीचे सांत्वन करायला जाताना एडिथ घाबरल्या होत्या. पण त्या विधवेला क्रूसावरच्या प्रभूमध्ये सापडलेली शांती पाहून त्यांचा नास्तिकपणा ढासळला. १९२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी आव्हिलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र वाचले. १ जानेवारी १९२२ रोजी त्यांचा स्नानसंस्कार झाला. धर्ममाता होत्या त्यांच्या मैत्रीण आणि तत्त्वज्ञ हेडविग कॉनराड-मार्टिउस. त्या प्रॉटेस्टंट असल्यामुळे बिशपांची खास परवानगी काढावी लागली. एडिथ यांनी अंगावर घेतलेले पांढरे वस्त्रही त्यांच्याच लग्नातले होते. घरी आईच्या डोळ्यांतले पाणी खळले नाही.

मठात जाण्याची ओढ होती, पण मार्गदर्शक धर्मगुरूंनी थांबायला सांगितले. श्पायर येथे डॉमिनिकन सिस्टरांच्या शाळेत एडिथ यांनी आठ वर्षे मुलींना शिकवले, संत थॉमस अक्विनास यांचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये आणला आणि १९२८ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये स्त्रीविषयक व्याख्याने दिली.

ज्या बाईला बाई म्हणून दार बंद झाले, ती पुढे काय म्हणेल? स्त्री-पुरुष भेद ही निव्वळ समाजाची लबाडी आहे, असे म्हटले असते तरी कोणी दोष दिला नसता. एडिथ यांनी तसे म्हटले नाही. संत थॉमस शिकवतात, की आत्मा हा शरीराचे रूप आहे, नुसता शरीरात राहायला आलेला भाडेकरू नव्हे. मग शरीर वेगळे असेल तर आत्म्यावरही त्या वेगळेपणाची काही खूण असणार, असा त्यांचा तर्क. स्त्रीचे लक्ष सहसा आधी जिवंत माणसाकडे जाते, अख्ख्या माणसाकडे. पुरुषाचे लक्ष कामाकडे, वस्तूकडे. डॉक्टरीण आजार पाहताना आजाऱ्यालाही पाहते. दोन्ही दृष्टींना कीडही लागते. बाईची आस्था उचापतीत आणि दुसऱ्याला धरून ठेवण्यात बिघडते, पुरुषाची एकाग्रता एकांगीपणात आणि हुकूमत गाजवण्यात. त्यांनी दोघांनाही सोडलेले नाही.

पण याच्या जोडीला त्या दोन गोष्टी ठामपणे सांगतात. एक, कोणतीही स्त्री केवळ स्त्री नसते. तिला तिचा स्वतःचा स्वभाव आणि स्वतःची देणगी असते, जशी प्रत्येक पुरुषाला असते. म्हणून असा कोणताही व्यवसाय नाही जो स्त्रीला करताच येणार नाही. दुसरी, उत्पत्तीच्या पुस्तकात पुरुषाची स्त्रीवरील सत्ता येते ती पापानंतर. देवाने आरंभी दोघांनाही आपल्या प्रतिरूपात निर्माण केले आणि पृथ्वी दोघांच्याही हाती सोपवली. तेव्हा घरातली हुकूमत हा देवाचा मूळ बेत नव्हे, तो बिघडल्याचे ते लक्षण आहे. शिबिरातल्या त्या गृहस्थांसमोर आम्ही हे बोलायला हवे होते. बोललो नाही.

एडिथ यांची ती विभागणी आम्हांला सर्वस्वी पटते असेही नाही. माणसाकडे आधी पाहणारे कितीतरी पुरुष आमच्या ओळखीचे आहेत. हिशेबात नवऱ्याला बोट धरून चालवतील अशा भगिनी तर आपल्या चर्चमध्येच आहेत. तरी फेस्ताची जमाखर्चाची वही पुरुषांकडे आणि नाश्त्याची जबाबदारी त्यांच्याकडे. यात स्वभावधर्म किती आणि सवय किती, हे एडिथ यांनी आपल्याला नक्की विचारले असते. भेद आहे की नाही याहून, तो भेद कोण वापरतो आणि कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो.

तो लवकरच भयंकर रूपात आला. १९३२ साली म्युन्स्टर येथील एका कॅथॉलिक शिक्षणसंस्थेत त्यांना अखेर व्याख्यातीची जागा मिळाली होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि वर्षभरातच त्यांचे शिकवणे बंद झाले. यावेळी कारण बाई असणे हे नव्हते. यहुदी रक्त हे होते. त्या एप्रिलमध्ये त्यांनी पोप पायस अकरावे यांना पत्र लिहिले, आणि यहुद्यांच्या छळाविरुद्ध चर्चने बोलावे अशी विनंती केली. ते पत्र जगासमोर आले २००३ साली.

१२ ऑक्टोबर १९३३ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्या आईबरोबर सिनेगॉगमध्ये गेल्या. दोन दिवसांनी कोलोनच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. वय बेचाळीस. नाव घेतले क्रूसाची तेरेजा बेनेडिक्टा. १९३६ साली आई वारली. त्या अंत्यविधीला जाऊ शकल्या नाहीत. मठात लिहून पुरा केलेला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ लेखिका यहुदी असल्याने छापला गेला नाही, तो निघाला १९५० साली. १९३८ च्या अखेरीस त्यांना हॉलंडमधील एख्तच्या मठात हलवले. बहीण रोजाही पुढे तेथे आली.  तिने आयुष्यभर आईचे घर सांभाळले, आईच्या मृत्यूनंतर स्नानसंस्कार घेतला, आणि एख्तला ती मठाचे दार राखी.

२६ जुलै १९४२ रोजी हॉलंडच्या बिशपांनी यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र सर्व चर्चमधून वाचून दाखवले. आठवड्याने, २ ऑगस्टला, सूड म्हणून यहुदी वंशाच्या कॅथॉलिकांना पकडण्यात आले. दोघी बहिणींना मठातून नेले. वेस्टरबोर्कच्या छावणीत ज्यांनी त्यांना पाहिले, त्यांनी नंतर सांगितले, की आया भीतीने इतक्या बधिर झाल्या होत्या, की पोटच्या मुलांकडेही त्यांचे लक्ष नव्हते. सिस्टर बेनेडिक्टा त्या मुलांना धूत होत्या, केस विंचरत होत्या, भरवत होत्या. ७ ऑगस्टला गाडी पूर्वेकडे निघाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी औश्वित्झ येथे विषारी वायूने दोघींना मारण्यात आले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ ऑक्टोबर १९९८ रोजी एडिथ यांना संतपद दिले, आणि पुढच्या वर्षी युरोपच्या आश्रयदात्या संतांमध्ये त्यांची गणना केली. त्यांचा सण ९ ऑगस्टला येतो. रोजाचा सण पंचांगात नाही. त्या दिवशी सकाळच्या मिस्सात आम्ही तिचेही नाव घेणार आहोत. शिबिरातल्या त्या मुलीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला आम्ही निरोप धाडला आहे, त्या गृहस्थांनाही.