पिंपळे सौदागरच्या शेतीचा हिशोब मांडणारे डॉ. हॅरॉल्ड मॅन

आज पिंपळे सौदागर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात उंच इमारती, आयटीवाले आणि ट्रॅफिक. पण शंभर वर्षांपूर्वी हेच गाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पोचलं होतं. कारण इथल्या शेतकऱ्याचं शेतीवर भागतं का, हे एका मातीच्या अभ्यासकाने मोजून पाहिलं होतं.

त्यांचं नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन. जन्म १८७२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली ते चहाच्या संशोधनासाठी भारतात आले आणि आसामच्या मळ्यांतली माती तपासू लागले. १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल झाले.

तेव्हा नीरा कालव्याच्या पट्ट्यात चांगल्या जमिनी खारावत चालल्या होत्या. मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी त्यावर १९१० साली अहवाल काढला. कालव्याचं पाणी भरपूर आणि निचरा नाही, अशी स्थिती झाली की जमिनीखालचं पाणी वर चढतं. ते उन्हाने उडून जातं, क्षार मात्र वरच राहतात आणि पीक जळतं.

पण माती चांगली असूनही शेतकरी कर्जात का? याच्या उत्तरासाठी मॅन यांनी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर गाठलं. १९१७ साली पुस्तक आलं, ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’.

त्यातले आकडे बोलके होते. १७७१ साली गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून जास्त तुकडे पडले होते. केवळ शेतीवर निभावणारी घरं मोजकीच. बाकीच्यांना बाहेरची मजुरी नाहीतर सावकार.

हे गाव शहराला खेटून होतं. म्हणून पुढचा अभ्यास त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू जातेगाव बुद्रुकचा केला. तो १९२१ साली छापून आला.

पुढे मॅन मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले. १९२७ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले, तिथेही शेतीच्या प्रयोगांतच रमले. १९६१ साली ते गेले.

जमिनीचे तुकडे थांबवायला १९४७ साली कायदा आला. तरीही वाटण्या होतात, सातबाऱ्यावर नावं वाढतात आणि वाट्याला येतात गुंठे. मॅन यांनी मांडलेला हिशोब अजून मिटलेला नाही.