एक उतार तपासला, दुसऱ्याने घात केला : एव्हरेस्टवीर जॉर्ज मॅलरीची गोष्ट

शिरूर किंवा दौंडच्या बाजार समितीत धान्याची रास पाहिलीच असेल. ठरावीक चढापर्यंत ती गप उभी राहते. वरून आणखी एक पाटी ओतली की अख्खी बाजू घसरते. डोंगरउतारावरच्या बर्फाचंही थोडंफार असंच. फरक इतकाच, की बर्फ थराथराने साचतो आणि आतला कच्चा थर वरून दिसत नाही.

हा फरक किती महागात पडतो, ते १९२२ साली जॉर्ज मॅलरीला कळलं.

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ चा, इंग्लंडमधल्या मॉबर्ली गावचा. वडील पाद्री. केंब्रिजला शिकून तो शाळेत मास्तर झाला, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत त्याने सहकाऱ्यांसोबत तिबेटच्या बाजूने नॉर्थ कोलची वाट शोधली. नॉर्थ कोल म्हणजे सुमारे ७,००० मीटरवरची खिंड.

२१ मे १९२२ ला मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल ऑक्सिजनशिवाय ८,२०० मीटरच्या वर पोचले. शिखर मात्र हुकलं. त्यातच पावसाळा आला, भरपूर बर्फ पडला. तरीही आणखी एक प्रयत्न करायचं ठरलं.

७ जूनला मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि १४ भारवाहक नॉर्थ कोलकडे निघाले. मॅलरी बेफिकीर नव्हता. खालच्या तीव्र चढावर त्यांनी बर्फ मुद्दाम तुडवून, चर पाडून पाहिला. तो सरकला नाही. सगळ्यात अवघड भाग टिकला, मग वरचा सौम्य चढ टिकणारच, असा हिशोब झाला.

दुपारी वरचा थर तुटला. मॅलरीच्या दोरावरची माणसं थोडं खाली जाऊन बाहेर निघाली. मागचे नऊ भारवाहक मात्र बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत काढलं. सात जण गेले. त्यात इंग्रज एकही नव्हता.

चूक कुठे झाली? एका जागेचा निकाल त्यांनी दुसऱ्या जागेला लावला. ताज्या बर्फाचा भार, वाऱ्याने साठवलेले ढीग, आतले कच्चे थर हे काही पावलांवर बदलतात. म्हणून आज बर्फातले जाणकार खड्डा खणून थर तपासतात, सुटा केलेल्या स्तंभावर फावड्याने ठोकून तो कुठे तुटतो ते बघतात. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर विशेष जपतात. आणि एका खड्ड्यात काही सापडलं नाही, म्हणून डोंगर सुरक्षित धरत नाहीत.

मॅलरीने या मृत्यूंचा दोष स्वतःवर घेतला. तरी १९२४ मध्ये तो परत एव्हरेस्टवर गेला. ८ जूनला अर्विनसोबत शिखराकडे निघाला, तो परतलाच नाही. त्याचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला. तो शिखरावर पोचला होता का, याची चर्चा आजही रंगते. त्या सात भारवाहकांची आठवण मात्र क्वचितच निघते.